विश्लेषण : मैदानात लाखोंची कमाई, मग निवृत्तीनंतर फुटबॉलपटू आर्थिक अडचणीत का येतात? भिवंडीच्या यंत्रमागांशी या प्रश्नाचा काय संबंध?

इंग्लंडकडून ५३ आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला गोलरक्षक डेव्हिड जेम्स मे २०१४ मध्ये ब्रिटनमध्ये दिवाळखोर जाहीर झाला. कारकिर्दीत त्याने सुमारे दोन कोटी पौंड कमावल्याचा ब्रिटिश माध्यमांचा अंदाज होता. त्यानंतर काही महिन्यांतच तो भारतात आला आणि इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) पहिल्या हंगामात केरळा ब्लास्टर्सचा खेळाडू-प्रशिक्षक झाला. त्याचा संघ थेट अंतिम फेरीत पोहोचला. तो सामना डिसेंबर २०१४ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. भिवंडीहून गाडीने तासा-दीड तासावर.

केरळा ब्लास्टर्सकडूनच २०१७-१८ मध्ये खेळलेला वेस ब्राऊन २०२३ मध्ये दिवाळखोर ठरला. मँचेस्टर युनायटेडच्या १९९९ आणि २००८ च्या चॅम्पियन्स लीग विजेत्या संघांत त्याचा समावेश होता. जगातील सर्वात श्रीमंत लीगमध्ये खेळलेल्यांची ही गत असेल, तर आय-लीगमध्ये किंवा मुंबईच्या स्थानिक लीगमध्ये खेळून संसार करणाऱ्या खेळाडूचे काय? आणि ठाणे, कल्याण, भिवंडीत मुलाला फुटबॉल अकादमीत घालणाऱ्या पालकांनी यातून काय समजून घ्यावे?

निवृत्त खेळाडू अडचणीत येतात, हे आकड्यांनी सिद्ध झाले आहे का?

काही अंशी. मात्र समाजमाध्यमांवर फिरणारे आकडे सांभाळून घ्यायला हवेत. अमेरिकेतील ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ नियतकालिकाने २००९ मध्ये लिहिले, की ‘एनएफएल’चे ७८ टक्के खेळाडू निवृत्तीनंतर दोन वर्षांत दिवाळखोर होतात किंवा आर्थिक ताणाखाली येतात. ब्रिटनमधील माजी खेळाडूंच्या एका संस्थेने २०१३ मध्ये दावा केला, की प्रीमियर लीगचे पाचपैकी तीन खेळाडू निवृत्तीनंतर पाच वर्षांत दिवाळखोर होतात. व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या संघटनेला हा आकडा मान्य नव्हता.

अधिक विश्वासार्ह अभ्यास २०१५ चा आहे. अमेरिकेतील चार अर्थतज्ज्ञांनी १९९६ ते २००३ दरम्यान ‘एनएफएल’मध्ये निवडल्या गेलेल्या खेळाडूंच्या दिवाळखोरीच्या नोंदी तपासल्या. निवृत्तीनंतर १२ वर्षांत जवळपास १६ टक्के खेळाडूंनी दिवाळखोरीचा अर्ज केला होता. ७८ टक्क्यांपेक्षा हा आकडा खूप कमी आहे, पण लहान नाही. कारण या खेळाडूंची कारकीर्द सर्वसाधारणपणे सहा वर्षांची होती आणि तेवढ्यात त्यांनी सरासरी माणसाच्या आयुष्यभराच्या मिळकतीहून जास्त कमावले होते.

या अभ्यासातील सर्वात महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे. एकूण कमाई किती होती आणि कारकीर्द किती वर्षांची होती, याचा दिवाळखोरीशी फारसा संबंध आढळला नाही. जास्त कमावणाराही बुडाला, कमी कमावणाराही बुडाला. म्हणजे प्रश्न केवळ रकमेचा नाही. तो पैसा कोणत्या वयात आला, किती काळ आला आणि कसा सांभाळला गेला, याचा आहे.

फुटबॉलपटूच्या कमाईचे गणित वेगळे कसे?

सर्वसाधारण नोकरदाराचा पगार वयाबरोबर वाढतो. पंचविशीत कमी, पन्नाशीत जास्त आणि साठीत निवृत्ती. खेळाडूचा आलेख उलटा असतो. सर्वाधिक कमाई २० ते ३० या वयात होते आणि तिशीच्या आसपास ती एकदम थांबते. नंतरची तीस वर्षे काय करायचे, हे कुठल्याच करारात लिहिलेले नसते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका खेळाडूला २२ व्या वर्षापासून ३० व्या वर्षापर्यंत, म्हणजे आठ वर्षे, दरवर्षी १५ लाख रुपये मिळाले. कर आणि एजंटचे कमिशन मिळून दोन लाख वजा केले, तर हातात १३ लाख राहतात. महिन्याला सुमारे एक लाख आठ हजार रुपये. २२ वर्षांच्या मुलासाठी ही मोठी रक्कम. गाडीचा हप्ता, मोठ्या फ्लॅटचे भाडे, बहिणीचे लग्न, सगळे यात बसते.

आता हीच रक्कम साठाव्या वर्षापर्यंत पुरवायची आहे, असे धरू. आठ वर्षांची निव्वळ कमाई एक कोटी चार लाख रुपये. ती २२ ते ६० अशा ३८ वर्षांवर पसरली, तर महिन्याला पडतात सुमारे २३ हजार रुपये. व्याज आणि महागाई दोन्ही तूर्त बाजूला ठेवली, तरी चित्र स्पष्ट होते. खेळाडूला आपला पगार एक लाख आठ हजार आहे असे वाटते, पण निवृत्तीनंतर दुसरे काम मिळाले नाही तर त्याचा खरा पगार २३ हजार आहे.

अर्थशास्त्रात याला आयुष्यभराच्या मिळकतीनुसार खर्च समतोल ठेवणे म्हणतात. १९८५ चे नोबेल मिळवणारे फ्रँको मोदिग्लियानी यांनी हा सिद्धान्त मांडला. तरुणपणी कमावताना माणूस म्हातारपणाचा विचार करून बचत करतो, असे तो सांगतो. ‘एनएफएल’च्या अभ्यासात दिसले ते याच्या उलट. पैसा आला, की आजचा स्तर कायमचा आहे असे माणूस धरून चालतो.

पैसा नेमका जातो कुठे?

पहिली वाट कुटुंबाची. सर्वसाधारण घरातून आलेला खेळाडू अनेकदा घरातला पहिला मोठा कमावता असतो. गावाकडचे घर, भावाचा धंदा, नातेवाइकांचे आजारपण, सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे असतात. यात गैर काही नाही. पण या जबाबदाऱ्या कारकीर्द संपल्यावर थांबत नाहीत, उत्पन्न मात्र थांबते.

दुसरी वाट चुकीच्या गुंतवणुकीची. ब्रिटनमध्ये डॅनी मर्फी, ब्रायन डीन, मायकेल थॉमस यांच्यासह अनेक माजी खेळाडूंनी सल्लागारांच्या भरवशावर केलेल्या गुंतवणुकीत मोठी रक्कम गमावल्याचे जाहीरपणे सांगितले आहे. चित्रपटनिर्मितीत पैसे गुंतवले की करात सवलत मिळेल, असे तेव्हा खेळाडूंना सांगितले जात असे. पुढे कर विभागाने अशा अनेक योजनांतील सवलती नाकारल्या आणि वर्षांनुवर्षांच्या थकबाकीच्या नोटिसा आल्या. तोपर्यंत बहुतेकांचे खेळणे थांबले होते. भारतात योजनांची नावे वेगळी असतील. जमीन, हॉटेल, जिम, मित्राचा चित्रपट, दरमहा ठरावीक टक्के परतावा देणारी स्कीम. रचना तीच असते. सराव आणि प्रवासात अडकलेला तरुण, हातात रोकड आणि कागदपत्रे वाचायला वेळ नाही.

तिसरी वाट दुखापतीची. गुडघ्याचे लिगामेंट फाटले, की सहा ते नऊ महिने मैदानाबाहेर. त्या काळात करार संपत आला असेल, तर नवा करार मिळण्याची शक्यता घटते. चौथी वाट घटस्फोटाची. जेम्सच्या बाबतीत ब्रिटिश माध्यमांनी त्याच्या महागड्या घटस्फोटाचा उल्लेख केला होता.

पाचवी वाट भारतीय खेळाडूला सर्वात जवळची आहे. पगारच न मिळणे. फुटबॉलपटूंची जागतिक संघटना ‘फिफप्रो’ने २०१६ मध्ये ५४ देशांतील जवळपास १४ हजार खेळाडूंची पाहणी प्रसिद्ध केली. आधीच्या दोन हंगामांत पगार उशिरा मिळाल्याचे ४१ टक्के खेळाडूंनी सांगितले. ४५ टक्के खेळाडूंची कमाई महिन्याला एक हजार डॉलरपेक्षा कमी होती. सरासरी करार दोन वर्षांचाही नव्हता. टीव्हीवर दिसणारा झगमगाट हा या धंद्याचा अगदी वरचा थर आहे.

पूर्वीच्या मुंबईत खेळाडू निवृत्तीनंतर काय करत?

नोकरी. मुंबईच्या फुटबॉलची घडी अनेक दशके नोकरीवर बसलेली होती. मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, रेल्वे, बँका, एअर इंडिया, पोलीस, तेल कंपन्या अशा आस्थापनांचे संघ हारवूड लीग आणि रोव्हर्स चषकात उतरत. खेळाडूला मोठा पगार मिळत नसे, पण तो कंपनीच्या हजेरीपटावर असे. खेळणे थांबल्यावर तो ऑफिसात किंवा खात्यात जाऊन काम करी. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, वैद्यकीय सुविधा आणि काही ठिकाणी निवृत्तिवेतन अशी साखळी त्यामागे होती. तिशीत बूट टांगले, तरी पगार साठीपर्यंत चालू.

ही पद्धत आदर्श नव्हती. सराव अर्धवेळ होता आणि खेळाचा दर्जा त्यामुळे मर्यादित राहिला, अशी टीका होत असे. पण निवृत्तीनंतरची जोखीम तेव्हा खेळाडू एकटा उचलत नव्हता. ती कंपनी उचलत होती.

मग भिवंडीचा संबंध कुठे येतो?

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. गिरण्या बंद असताना कापड विणण्याचे काम थांबले नाही. ते मोठ्या प्रमाणावर भिवंडीतील यंत्रमागांकडे वळले. भिवंडीत विणकाम त्याआधीही होते, पण संपानंतर शहराचा पसारा झपाट्याने वाढला. गिरण्या मात्र पूर्वीसारख्या कधीच सुरू झाल्या नाहीत.

कापड तेच राहिले, कामाची रचना बदलली. गिरणीतला कामगार कायम होता, त्याला निधी होता, रजा होत्या, युनियन होती. यंत्रमागावरच्या कारागिराला विणलेल्या मीटरवर मजुरी मिळते. माग बंद, तर मजुरी बंद. सुताचे भाव वाढले, वीज गेली, मंदी आली, की पहिला फटका त्यालाच बसतो. डोळे आणि कान थकल्यावर त्याच्या मागे उभी राहणारी आस्थापना नसते.

फुटबॉलमध्येही पुढे नेमके हेच घडले. गिरण्यांचे संघ गिरण्यांबरोबर ओसरले. व्यावसायिक लीग आली आणि खेळाडू कायम कर्मचारी न राहता हंगामाच्या करारावर आला. पगार वाढला, पण मागचा आधार गेला. यंत्रमागावरचा कारागीर आणि करारावरचा फुटबॉलपटू यांच्या कमाईत मोठी तफावत असेल, पण दोघांच्या कमाईचे तत्त्व एक आहे. अंगात बळ आहे तोवर पैसे. भिवंडीत आता यंत्रमागांच्या बरोबरीने गोदामांची शहरवजा वस्ती उभी राहिली आहे. तिथेही बरेचसे काम कंत्राटावरच चालते. त्यामुळे खेळाडूची अडचण इथल्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

महाराष्ट्रातील व्यावसायिक संघांचे काय झाले?

यादी लांब आहे. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड संघ २०१० मध्ये बंद करण्यात आला. एअर इंडिया आणि ओएनजीसी हे मुंबईतील दोन संघ २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेले. व्यावसायिक क्लबसाठीच्या परवाना निकषांत ते बसत नव्हते. म्हणजे ज्या संघांच्या मागे नोकरी होती, तेच नव्या नियमांत अपात्र ठरले.

पुणे एफसी हा आय-लीगमध्ये सातत्याने चांगला खेळणारा संघ २०१५ मध्ये थांबला. त्याच शहरातील भारत एफसी एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्सचा प्रवास २०१७ मध्ये संपला. कूपरेजवर खेळणाऱ्या मुंबई एफसीने आय-लीगमधून पदावनती झाल्यावर त्याच वर्षी वरिष्ठ संघ गुंडाळला. आयएसएलमधील एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने २०२१-२२ चे विजेतेपद मिळवले. पण दोनच वर्षांत थकलेल्या पगारांमुळे खेळाडू एकापाठोपाठ एक संघ सोडून गेले. २०२५ मध्ये हा संघ दिल्लीला हलला.

संघ बंद होतो तेव्हा चाहत्याच्या हातून आवडता संघ जातो. खेळाडूच्या हातून पुढच्या हंगामाचा करार, अनेकदा थकीत पगार आणि कारकिर्दीची एक-दोन मोलाची वर्षे जातात. आठ वर्षांच्या कारकिर्दीत दोन वर्षे गेली, तर आयुष्यभराच्या कमाईतला चौथा हिस्सा गेला.

२०२५ मध्ये नेमके काय घडले?

आयएसएल चालवणारी कंपनी आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ यांच्यातील हक्कांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नव्या कराराबाबत स्पष्टता नसल्याने जुलैमध्ये २०२५-२६ चा हंगाम थांबवण्यात आला. ऑगस्टमध्ये बंगळूरु एफसीसारख्या क्लबने वरिष्ठ संघाचे पगार स्थगित केल्याचे जाहीर केले. महासंघाने व्यावसायिक हक्कांसाठी निविदा काढली, पण एकही बोली आली नाही. मुंबई सिटी एफसीतून सिटी फुटबॉल ग्रुप डिसेंबरमध्ये बाहेर पडला. अखेर केंद्रीय क्रीडा मंत्रालयाच्या मध्यस्थीनंतर फेब्रुवारी २०२६ मध्ये छोट्या स्वरूपात लीग सुरू करण्याचा निर्णय झाला.

या सहा-सात महिन्यांत देशातील अव्वल खेळाडूही लीगच्या सामन्यांविना होते. सुनील छेत्रीसारख्या नावाजलेल्या खेळाडूला हा काळ निभावून नेता येतो. नुकताच पहिला करार मिळालेल्या, घर भाड्याने घेतलेल्या २१ वर्षांच्या मुलाला नाही. निवृत्तीनंतरची अडचण निवृत्तीच्या दिवशी सुरू होत नाही. ती अशा रिकाम्या महिन्यांत सुरू होते. बचत मोडली जाते, उधारी होते आणि पुढचा करार आल्यावर आधी ती फेडावी लागते.

सरकारची मदत मिळते का?

मिळते, पण ती पदकाशी बांधलेली आहे. केंद्राच्या गुणवंत खेळाडू निवृत्तिवेतन योजनेत सक्रिय खेळातून निवृत्त झालेल्या आणि ३० वर्षे पूर्ण केलेल्या पदकविजेत्यांना दरमहा रक्कम मिळते. ऑलिम्पिक पदकासाठी २० हजार, तर आशियाई क्रीडा स्पर्धेतील सुवर्णासाठी १४ हजार रुपये. भारतीय फुटबॉल संघाने आशियाई स्पर्धेत शेवटचे सुवर्ण १९६२ मध्ये जकार्त्यात जिंकले. आजचा फुटबॉलपटू या योजनेच्या कक्षेत जवळपास येतच नाही.

हलाखीत असलेल्या खेळाडूंसाठी केंद्राचा राष्ट्रीय कल्याण निधी आहे. निवृत्त खेळाडूंना नवे कौशल्य देण्यासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ‘रीसेट’ हा कार्यक्रम सुरू झाला. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र त्यासाठी ठरावीक स्पर्धांतील कामगिरी लागते आणि वयोमर्यादेच्या आत अर्ज करावा लागतो. क्लब फुटबॉलमध्ये हंगामामागून हंगाम खेळणारा मुलगा या अटींपर्यंत पोहोचतोच असे नाही. महिला फुटबॉलपटूंची स्थिती आणखी बिकट. २०२१ मध्ये झारखंडच्या धनबाद जिल्ह्यात, भारताच्या वयोगट संघातून खेळलेली एक मुलगी वीटभट्टीवर काम करताना आढळली, तेव्हा देशभर चर्चा झाली होती.

पदक असले म्हणजे सगळे सुरळीत होते, असेही नाही. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक १९५२ मध्ये हेलसिंकीत जिंकणारे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव पुढे पोलीस दलात होते. निवृत्तीनंतर त्यांना निवृत्तिवेतनासाठी झगडावे लागले. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

इतर देशांनी काय उपाय केले?

नेदरलँड्सचे उदाहरण सर्वात सोपे आहे. तिथे १९७२ पासून व्यावसायिक फुटबॉलपटूंसाठी स्वतंत्र निधी आहे. ठरावीक उत्पन्नाच्या वर गेलेल्या खेळाडूच्या कमाईचा काही भाग या निधीत सक्तीने जमा होतो आणि निवृत्तीनंतर हप्त्याहप्त्याने परत मिळतो. एका अर्थी हा खेळाडूंचा भविष्य निर्वाह निधीच. बचत करायची की नाही, हा निर्णय २२ वर्षांच्या मुलाच्या मनावर सोडलेला नाही.

‘फिफा’ने २०१८ पासून लागू केलेल्या नियमानुसार, क्लबने किमान दोन महिन्यांचा पगार थकवला, तर खेळाडू लेखी नोटीस देऊन १५ दिवसांची मुदत देऊ शकतो. त्यानंतरही पैसे मिळाले नाहीत, तर त्याला करार मोडता येतो. क्लब बुडाल्याने पगार न मिळालेल्या खेळाडूंसाठी ‘फिफा’ आणि ‘फिफप्रो’ने २०२० मध्ये एक कोटी ६० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. भारतातही खेळाडूंची संघटना २००६ पासून आहे. पण सक्तीच्या बचतीची व्यवस्था भारतीय फुटबॉलमध्ये उभी राहिलेली नाही.

दुसरी कारकीर्द घडते कशी?

मुंबईच्या फुटबॉलमध्ये याचे ठळक उदाहरण खालिद जमील यांचे. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि मुंबई एफसीकडून ते खेळले. दुखापतींमुळे २००९ मध्ये त्यांना खेळणे थांबवावे लागले. त्याच वर्षी मुंबई एफसीने त्यांच्याकडे प्रशिक्षकपद सोपवले. २०१७ मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली मिझोरामच्या आयझॉल एफसीने आय-लीग जिंकली. ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

यातील महत्त्वाचा भाग असा, की खेळणे थांबले तेव्हा त्यांच्या क्लबमध्ये पुढचे काम उपलब्ध होते. आज तो क्लबही नाही आणि ते कामही नाही. प्रत्येक बंद पडलेल्या संघाबरोबर खेळाडूंच्या जागा जातात, तशाच प्रशिक्षक, फिजिओ, व्यवस्थापक, युवा संघांचे मार्गदर्शक अशा निवृत्त खेळाडूंच्या हक्काच्या जागाही जातात.

भिवंडीतील पालक आणि तरुण खेळाडूंनी काय पाहावे?

१. शिक्षण सोडू नका. दहावी-बारावीनंतर मुक्त विद्यापीठातून पदवी घेता येते. आस्थापना किंवा शासकीय भरतीत पदवी लागली, तर ती ३० व्या वर्षी नव्याने सुरू करणे कठीण जाते.

२. प्रशिक्षकाचा परवाना खेळत असतानाच घ्या. महासंघाचे अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने करावे लागतात. निवृत्तीनंतर सुरुवात केली, तर उत्पन्नाविना दोन-तीन वर्षे जातात.

३. करार वाचा. मुदत किती, दुखापत झाली तर पगार चालू राहतो का, शस्त्रक्रियेचा खर्च कोणाचा, संघ बंद पडला तर काय, एजंटला किती टक्के, हे पाच प्रश्न सही करण्याआधी विचारा. ओळखीच्या वकिलाला दाखवण्याचा खर्च वाया जात नाही.

४. पगार आला की आधी बचत बाजूला काढा, खर्च नंतर. वरच्या उदाहरणातील खेळाडूने महिन्याला ४० हजार रुपये आठ वर्षे बाजूला ठेवले आणि त्यावर वर्षाला सात टक्के परतावा मिळाला, तर सुमारे ५१ लाख रुपये जमतात. त्याच दराने त्यावर महिन्याला सुमारे ३० हजार रुपये व्याज येते. महागाईमुळे त्याची किंमत दरवर्षी घटेल, पण दुसरे काम मिळेपर्यंत घर चालेल.

५. काही रक्कम सहज मोडता येणार नाही अशा ठिकाणी ठेवा. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत वर्षाला दीड लाखांपर्यंत गुंतवता येतात आणि मुदत १५ वर्षांची असते. विसाव्या वर्षी उघडलेले खाते पस्तिशीत परिपक्व होते, म्हणजे खेळाडूला पैशांची सर्वाधिक गरज असते तेव्हा. राष्ट्रीय पेन्शन योजना १८ वर्षांवरील कोणालाही घेता येते.

६. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा ठेवा. २०२५ च्या हंगामाने हा मुद्दा सिद्ध केला आहे.

७. दरमहा ठरावीक, खात्रीचा आणि बँकेपेक्षा कितीतरी जास्त परतावा देऊ असे सांगणाऱ्यापासून लांब राहा, मग तो नातेवाईक का असेना. आणि कुटुंबाला किती द्यायचे, हे घरात बसून एकदाच, आकडा ठरवून बोला. प्रत्येक वेळी नाही म्हणण्यापेक्षा ते सोपे असते.

कबड्डीपटूंनाही हे लागू होते का?

तंतोतंत. ठाणे-रायगड पट्ट्यात कबड्डीची मुळे फुटबॉलपेक्षा खोल आहेत. २०१४ मध्ये प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सर्वात मोठी बोली १२ लाख ८० हजारांची होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर दोन कोटी ६० लाखांहून जास्त बोली लागली. बातमी होते ती या बोलीची. संघातल्या शेवटच्या दोन-तीन जागांवरच्या मुलांना किती मिळते आणि पुढच्या लिलावात त्यांचे नाव पुकारले जाते का, याची बातमी होत नाही. तिथे बोली ही अनेकदा एका हंगामाचीच असते.

पुढे काय?

निवृत्त फुटबॉलपटूच्या अडचणीकडे आपण सहसा उधळपट्टीची गोष्ट म्हणून पाहतो. महागड्या गाड्या घेतल्या, पार्ट्या केल्या, पैसे संपले. काहींच्या बाबतीत ते खरेही असते. पण मुंबई, पुणे आणि भिवंडीचा अनुभव जोडून पाहिला, तर मोठे कारण दुसरे दिसते. जी जोखीम पूर्वी गिरणी, रेल्वे किंवा बँक उचलत होती, ती हळूहळू एकट्या खेळाडूच्या खांद्यावर आली. पगार वाढल्यामुळे हा बदल कोणाच्या लक्षात आला नाही.

लीगची नवी रचना ठरवली जात असताना हा प्रश्न विचारण्याची हीच वेळ आहे. प्रक्षेपणाचे हक्क, पदावनती, परदेशी खेळाडूंची संख्या यावर चर्चा होतेच. प्रत्येक करारातून ठरावीक टक्के कापून खेळाडूच्या नावे निधी उभा करायचा का, यावरही ती व्हायला हवी. भिवंडीतील कायम कामगाराला मिळणारा निधी कंत्राटी कारागिराला का नाही, हा प्रश्न इथे चाळीस वर्षे विचारला जातो आहे. मैदानातल्या खेळाडूचा प्रश्न त्याहून फार वेगळा नाही.